बँडवाल्यांचे बिल्ले आणि मागे आणलेला कॉम्प्युटर

शनिवार, ३ तारीख

सूनबाई सकाळच्या गाडीने बहिणीकडे गेली. बहीण बाळंत झालीय, जुळं झालंय, आणि तिला हात दोनच. जाताना सूनबाईने पुढच्या खोलीची किल्ली माझ्या तळहातावर ठेवली आणि वरून माझी बोटं मिटवली. "आई, मशीन तुमच्या हवाली." मी नुसतं "हं" म्हटलं. पण आतून अशी नाचले म्हणून सांगू!

त्याचं कारण असं. त्या खोलीत माझी जागा म्हणजे दाराजवळचं स्टूल. सूनबाई खुर्चीवर बसून कॉम्प्युटरवर नक्षी काढते, कॉम्प्युटर ती मशीनला सांगतो, मशीन खडखड करत कापडावर भरतं, आणि मी मागचे लोंबते दोरे कापते. जन्मभर हाताने भरतकाम केलं आणि म्हातारपणी दोरेकापी झाले. तक्रार नाही हं. पण खुर्ची ती खुर्ची आणि स्टूल ते स्टूल.

ही डायरी धाग्याच्या कंपनीने फुकट दिलेली. माझी शाळा चौथीत सुटली, त्यामुळे अक्षर सरड्यासारखं धावतं. वाचणार कोण, मीच! इंग्रजी मला कळत नाही, पण अक्षरं सगळी ओळखते. लोकांच्या रुमालांवर तीच तर भरत आले. 'एस' भरायला फार त्रास देतो, नागमोडी मेला.

तर काम असं आहे. बँडवाल्यांचे निळे कोट आलेत. प्रत्येक कोटाच्या खिशावर सोनेरी पिपाणी भरायची. बँडमास्तर तिला ट्रंपेट म्हणतात. पुढच्या शनिवारी दुपारी त्यांची स्पर्धा आहे, सकाळी ते कोट न्यायला येणार. सूनबाईने कुठलं चित्र दाबायचं, कुठलं बटण दाबायचं ते शिकवलंय. संध्याकाळनंतर मशीन लावायचं नाही, वरच्या मजल्यावरचं बाळ उठतं. आणि एक सांगून गेली, "पडद्यावर कुणी काही विचारलं तर नको म्हणा."

आज दोन कोट भरले. मशीन खडखडलं की माझ्या पोटात गुदगुल्या होतात.

सोमवार, ५ तारीख

आज घोटाळा झाला. क्रमाने लिहिते.

सकाळी मांजरीने माझ्या मोबाईलच्या चार्जरचं डोकं पाण्याच्या बादलीत ढकललं. मुद्दाम. तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. वायर तेवढी वाचली. मग मला आठवलं, नात तिचा मोबाईल कॉम्प्युटरलाच टोचून भरते. ही नात म्हणजे माझ्या लेकीची लेक, दुसऱ्या गावी कॉम्प्युटरच्या ऑफिसात आहे, तिकडे मोठी कोणी तरी आहे. आमच्या कॉम्प्युटरला पुढे दोनच भोकं. एकात माऊस, दुसऱ्यात मशीनची करडी वायर. ती करडी काढून मी मोबाईल लावला. मोबाईल भरला की संध्याकाळी करडी परत जागच्या जागी. माझं काम नीटनेटकं असतं.

तर मी चित्र दाबायला बसले, आणि पडद्यावर एक चौकोन आला. शेजारच्या पोस्टवाल्या वहिनी (पोस्टातून निवृत्त झाल्या, पण अजून दुसऱ्याचं वाचायची सवय गेली नाही) डोकावल्या आणि म्हणाल्या, "नवीन आवृत्ती आलीय म्हणतोय. घ्यायची का?" मी 'नंतर' दाबलं. थोड्या वेळाने पुन्हा आला. पुन्हा 'नंतर'. तिसऱ्यांदा आला. आता कुणी चौथ्यांदा ताट पुढे करून "घ्या ना, थोडं घ्या" म्हटलं, तर आपल्या तोंडून 'नको' निघेल का? माझ्या तर नाही निघत. मी 'हो' दाबलं.

दुपारभर तो गिळत बसला. मग उठला तो नवे कपडे घालून. पडद्यावरचा जुना डोंगर गेला आणि जांभळे फुगे आले. छान दिसत होता. मी पिपाणी दाबली. लाल अक्षरात काहीतरी आलं. मशीन गप्प!

नातीला फोन लावला. मोबाईल दोऱ्याच्या रिळाला टेकवून पडद्यासमोर उभा केला, म्हणजे तिला सगळं दिसतं.

"आजी, काय दाबलंस?"

"त्याने फार आग्रह केला गं."

"अगं, कॉम्प्युटर आहे तो, जावई नाही! म्हणतोय की मशीन सापडत नाही. मशीनची वायर नीट बसलीय ना?"

मी उठून भिंतीतली वायर हलवून बघितली. घट्ट. मशीनवर हिरवा दिवाही होता. "पक्की आहे."

"मग नव्या आवृत्तीचंच काही तरी आहे. आपण भरतकामाचा प्रोग्राम जुना घालू. उद्या. तोवर माझ्याशिवाय कशाला हात लावू नकोस."

संध्याकाळी सूनबाईचा फोन आला. "सगळं ठीक?" मी म्हटलं, "अगदी." मागे दोन बाळं एका सुरात रडत होती, त्यामुळे माझा आवाज कसा निघाला ते तिला कळलं नसावं.

करडी वायर जागच्या जागी लावून दिवा घालवला.

मंगळवार, ६ तारीख

आज मी काळ्या खिडकीत टाइप केलं! पोस्टवाल्या वहिनींच्या हातातला चहा सांडला.

नातीने सांगितलं, की आपल्या कॉम्प्युटरच्या आत लिनक्स आहे, त्याची खूण पेंग्विन. त्याला हुकूम लिहून द्यावे लागतात. आधी 'सुडो' लिहायचं. म्हणजे 'मालकिणीच्या सांगण्यावरून'. मला हे फार आवडलं. मग त्याने परवलीचा शब्द मागितला. टाइप करते तर काही उमटेना. मी बटणं जोरजोरात दाबली.

"आजी, दिसत नाही ते मुद्दाम. चोरून लिहायचं असतं."

"मग आधी सांगायचं ना. मी दोनदा ओरडून लिहिलं."

मग खरी गंमत सुरू झाली. प्रोग्राम म्हणाला, मी मागे जातो, पण माझ्याबरोबर माझा अमुक जुना लागेल. अमुक म्हणाला, मला तमुक जुना हवा. म्हणजे एका पाहुण्याला परत धाडायचं तर त्याचा मेहुणा निघतो, मेहुण्याची सासू निघते, सासूचं गाठोडं निघतं. नात म्हणाली, "बरोबर ओळखलंस, हे सगळे एकमेकांच्या आधाराने राहतात."

मी म्हटलं, "बाई गं, हे तर उसवणं आहे. भरायला कोणालाही येतं. उसवताना कापड फाटू द्यायचं नाही, त्यात हात दिसतो."

"आजी, तुला माझ्या ऑफिसात घेते."

एवढ्यात तिला साहेबांनी हाक मारली. "थांब, आलेच. लांब यादी आली तर काही दाबू नकोस."

ती गेली आणि यादी आली. अशी लांब, की वरून खाली सरकता सरकेना. शेवटी त्याने विचारलं, पुढे जाऊ? आणि वाट बघत राहिला. ती एवढीशी दांडी लुकलुकत होती. दारात कुणी उभं असावं आणि आपण आत बसून राहावं, तसं झालं मला. मी 'वाय' दाबला, म्हणजे 'हो', नातीनेच सकाळी शिकवलेलं. ('वाय' भरायला सोपा. तीन टाके.)

नात परत आली तेव्हा पडद्यावर फुगे नव्हते, डोंगर नव्हता, माऊसचा बाणही नव्हता. नुसता काळोख आणि एक पांढरी ओळ.

तिने मला मोबाईल पडद्यासमोर वर-खाली फिरवायला लावला. मग म्हणाली, "आजी, त्या यादीत पडदाच होता गं."

बुधवार, ७ तारीख

बँडमास्तर आले. मिशा वळवलेल्या, छाती पुढे, चालतात तेही तालात. मी खोलीचं दार ओढून घेतलं आणि बाहेरच बसवलं. मशीन नाही तर नाही, म्हणून सकाळपासून मी हाताने एक पिपाणी भरायला घेतली होती. ती त्यांना दाखवली. त्यांनी कोट लांब धरला, जवळ धरला, तिरका धरला.

"बदक छान आहे."

"अहो, ट्रंपेट आहे ते!"

"असं होय. मग याला चोच का आहे?"

डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत. सोनेरी दोरा हलतो हातात. मशीन कसं एका दमात काढतं! मला आज पहिल्यांदा मशीनची आठवण आली, माणसाची यावी तशी.

"शनिवारी सकाळी नाही मिळाले, तर मी कोट तसेच उचलून पलीकडच्या गल्लीत नेईन. आणि पुन्हा या पायऱ्या चढणार नाही. सूनबाईंनी सांगितलं होतं, सासूबाई आहेत, काळजी नको," असं म्हणून ते उठले. जाता जाता, "माझ्या टोपीवरही एक छोटं ट्रंपेट होईल ना?" मी 'हो' म्हटलं. ते गेल्यावर पोस्टवाल्या वहिनींनी दोन उशांचे अभ्रे आणून दिले, मोर भरून हवेत म्हणे. त्यालाही 'हो' म्हटलं. माझ्या जिभेला हाड नाही हे खरं, पण 'नको' म्हणायला हाड लागतं की काय कोण जाणे.

सूनबाई बँडवाल्यांचं काम मिळावं म्हणून वर्षभर त्यांच्या मागे होती. मशीन माझ्या हवाली करून गेली. आता परत येईल आणि काही बोलणार नाही. तेच वाईट. नुसतं स्टूल पुसून देईल.

गुरुवार, ८ तारीख

जेवणच गेलं नाही. (थोडंसं गेलं.)

नात म्हणाली, आता एक एक धागा उसवून भागणार नाही, सगळाच पूर्वीचा घालायचा. सूनबाईने पहिल्यांदा ज्यातून घातला होता तो पेनड्राइव्ह घरात असेल, शोध. अख्खी खोली पालथी घातली. बटणांच्या डब्यात सापडला, मोठ्या काळ्या बटणांच्या खाली. वर सूनबाईच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली, 'जुनं ते सोनं'.

पण नातीने एक धोका सांगितला. कॉम्प्युटरच्या पोटात दोन खोल्या आहेत. एकीत तो स्वतः राहतो. दुसरीत सूनबाईच्या नक्ष्या, इतक्या वर्षांच्या सगळ्या. पहिली पुसून नव्याने घालायची, दुसरीला हातसुद्धा लावायचा नाही. चुकून दुसरीवर खूण झाली तर तिच्या सगळ्या नक्ष्या गेल्या.

"गेल्या म्हणजे?"

"म्हणजे आजी, कापडच जळालं. उसवायलाही काही उरत नाही."

"तूच ये ना गं."

"रजा मिळत नाही. पण तू करशील. तुझ्याएवढा हलका हात माझ्या ऑफिसात कोणाचा नाही. फक्त विचारल्या विचारल्या 'हो' म्हणू नकोस. आधी मला दाखव."

संध्याकाळी मांजरीशी सराव केला. तिला विचारायला लावलं (म्हणजे तिच्या वतीने मीच विचारलं), "दूध देऊ?" आणि मीच म्हटलं, "नको." मांजर मनापासून रागावली.

शुक्रवार, ९ तारीख

झालं! झालं! झालं! पहिल्यापासून लिहिते.

सकाळी आंघोळ करून, केस घट्ट बांधून बसले. पहिली अडचण म्हणजे पेनड्राइव्ह लावायचा कुठे. एका भोकात माऊस, दुसऱ्यात माझा मोबाईल, नात त्याच्यावरच. मोबाईल काढला, पेनड्राइव्ह लावला, करडी वायर तशीच लोंबत राहिली. नात म्हणाली, "बॅटरी पुरेल ना?" मी म्हटलं, "पुरेल की." बॅटरीला कोण विचारतं!

कॉम्प्युटर बंद करून चालू केला, नातीने सांगितलेलं बटण दाबून धरलं, आणि पेंग्विन आला. मग तो विचारू लागला. भाषा कुठली, गाव कुठलं, कळफलक कसला. चौकस पाहुण्यासारखा. प्रत्येक वेळी मी मोबाईल पडद्याला लावायची, नात बघायची, मग मी दाबायची.

मग त्या दोन खोल्या आल्या. एकाखाली एक दोन ओळी, दिसायला जुळ्या बहिणी. नात म्हणाली, "वरची. वरचीच." मी काय केलं, भरतकामाखाली लावतो तो जाड कागद घेतला, पट्टी कापली आणि खालच्या ओळीवर चिकटवून टाकली. दिसेचना, तर बोट जाणार कुठे? नात म्हणाली, "आजी, बोटाने नाही, माऊसने दाबायचंय." म्हटलं, "राहू दे. मला धीर येतो."

वरच्या ओळीवर खूण केली. त्याने विचारलं, नक्की? सगळं पुसलं जाईल. पुढे जाऊ?

आणि तेव्हाच मोबाईलने मान टाकली.

खोलीत मी, मांजर आणि ती लुकलुकणारी दांडी. तो वाट बघत होता. माझी सवय म्हणाली, अगं दाब, बिचारा ताटकळलाय. पण मी म्हटलं, थांब मेल्या. आज तू थांबायचंस. पट्टी उचलून खालची ओळ बघितली. खूण नाही. वरची बघितली. खूण आहे. पुन्हा खालची. मग वरच्या ओळीचं नाव ताडून पाहिलं, नातीने काल सांगितलेलं अक्षर न् अक्षर, रुमालावरचं बघावं तसं. उठून पाणी प्यायले. परत येऊन तिसऱ्यांदा बघितलं. मगच 'हो'.

तो कामाला लागला. पोस्टवाल्या वहिनी आल्या, त्यांच्याकडे मोबाईल आणि वायर दोन्ही दिलं, "तुमच्या घरी भरून आणा." त्या म्हणाल्या, "हे सगळं तुम्ही एकट्या करताय?" मी नुसती मान हलवली. असं वाटलं की मला मिशा आहेत आणि मी त्या वळवतेय.

शेवटी पडद्यावर तोच जुना डोंगर! माहेरी आल्यासारखं वाटलं. पेनड्राइव्ह काढून बटणांच्या डब्यात ठेवला. करडी वायर पायात येत होती, मोबाईल तर वहिनींकडे, म्हणून ती तिच्या भोकात लावून टाकली. कॉम्प्युटरच्या पोटातली सूनबाईची खोली उघडली. नक्ष्या सगळ्या जागेवर, वेलबुट्टी, कमळं, मोरसुद्धा. पिपाणीचं चित्र शोधलं. डोळे मिटले आणि दाबलं.

खडखडखडखड!

मी मांजरीला उचलून गरगर फिरवलं. वहिनी मोबाईल घेऊन आल्या तेव्हा नातीला सांगितलं, "जुना घातल्याबरोबर मशीन बोललं बघ! नव्याचाच दोष होता." नात ओरडली, "आजी, तू काय बाई आहेस!"

वरचं बाळ झोपेपर्यंत मशीन चालवलं. मोबाईल मात्र आज वहिनींकडेच भरला, मशीनला मध्येच उठवायला नको म्हणून.

शनिवार, १० तारीख

उजाडल्यावर वरचं बाळ रडलेलं ऐकलं, तशी मशीन लावलं. बँडमास्तर आले तेव्हा शेवटचा कोट इस्त्रीखाली होता. सगळ्या पिपाण्या सारख्या, झळझळीत. फक्त एका कोटावर बदक. ते उसवायला वेळ नव्हता.

बँडमास्तरांनी तो कोट उचलला. त्यांनी स्वतःचा कोट काढला आणि तो घातला. "माझी ओळख पटायला बरं," म्हणाले. मग दारात थबकून, "आणि झेंड्यावरही एक आजच—"

"नको," मी म्हटलं. "आज नाही जमायचं."

आपलाच आवाज आहे की काय म्हणून मी मागे वळून बघितलं.

(रात्री कळलं, बँड दुसरा आला. बदकाचं सगळ्यांनी विचारलं म्हणे.)

मंगळवार, १३ तारीख

सूनबाई आली. नातीने तिला आधीच सगळं सांगितलं होतं. मी घाबरून स्टुलावर बसले होते. ती कॉम्प्युटर उघडून आपल्या नक्ष्या बघत राहिली, एक एक करून.

"आई, नवं काढून जुनं तुम्ही घातलंत? एकही नक्षी न घालवता?"

"उसवायची सवय आहे."

"मला मागे माणूस बोलवावा लागला होता. कसं केलंत, दाखवा तरी."

मला काय, हौसच! अगदी पहिल्यापासून दाखवायला घेतलं. "हे बघ, मांजरीने चार्जरचं डोकं बुडवलं, तेव्हा मी ही करडी काढून इथे मोबाईल लावला, म्हणजे नातीशी बोलता येतं, आणि मग पिपाणी दाबली—"

"थांबा. काय काढून?"

"ही करडी. रोज संध्याकाळी परत लावायची हं मी, विसरले नाही कधी."

"आणि मशीन चालवून बघायचात तेव्हा?"

"तेव्हा नात फोनवर असायची ना. तिच्याशिवाय हात लावायचा नव्हता."

सूनबाईने वायरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग ती माझ्या स्टुलावर बसली आणि हसायला लागली. अशी हसली की डोळ्यांतून पाणी. तिथूनच नातीला फोन केला, हळू आवाजात दोन वाक्यं बोलली, आणि तिकडून नातीचा असा चीत्कार आला की मांजर पळाली. दोघींना इतका आनंद झालेला मी कधी बघितला नव्हता. मलाही भरून आलं. जुनं परत मिळालं की माणसाला होतोच आनंद.

मग सूनबाईने चिकटपट्टी आणून करडी वायर भोकाला पक्की बांधून टाकली, वर तीन वेढे. आणि बाजारात जाऊन माझ्यासाठी नवा चार्जर घेऊन आली, डोक्यासकट. म्हणाली, "आई, हे तुमचं बक्षीस." एवढ्याशा कामाचं बक्षीस कशाला! पण घेतलं.

ती अजून स्टुलावरच बसली होती, डोळे पुसत. खुर्ची रिकामी. पोस्टवाल्या वहिनींचे अभ्रे राहिले होते, म्हणून मी जाऊन खुर्चीत बसले. तिने उठा म्हटलं नाही. उलट कात्री घेतली आणि म्हणाली, "तुम्ही मोर काढा, मी दोरे कापते."

मी मोर दाबणार तेवढ्यात पडद्यावर तोच चौकोन आला. नवीन आवृत्ती आली आहे, घ्यायची का?

सूनबाईची कात्री थांबली. मला पाठीवर तिची नजर कळत होती.

मी चष्मा पुसला, चौकोन नीट वाचल्यासारखं केलं आणि त्याला सांगितलं, "नको रे बाबा. पोट भरलंय."

आणि मोर भरायला घेतला.